तलवारीपासून विळीपर्यंत : शिकलगाराची साण

तलवारींच्या इतिहासावर बोलू लागलो की सभागृह कसे भरून जाते ते आम्हांस ठाऊक आहे. आज मात्र आम्ही आरंभ करणार आहोत तो एका विळीपासून. ही विळी आमच्या आजीच्या माहेराहून आलेली. पाटाला तेलाहळदीचा काळपट रंग चढलेला, आणि पाते धार लावून लावून मूळच्या निम्मे उरलेले. ती आम्ही मागे शहरातील एका दुकानात धार लावण्यासाठी दिली. दुकानदाराने ती विजेवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर धरली, ठिणग्यांचा झोत उडाला, आणि दोन मिनिटांत काम आटोपले. घरी येऊन पाहतो तो पात्याच्या कडेला निळसर झाक! चार दिवस वांगी लोण्यासारखी कापली गेली. पाचव्या दिवशी टोमॅटोच्या सालीवरूनही पाते घसरू लागले. आमच्या घरातून या व्यवहाराबद्दल जे उद्गार निघाले ते येथे सांगण्यासारखे नाहीत.

पण त्रागा ओसरल्यावर मनात आले, की ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना धार लागत होती त्या गावात विळीची अशी दशा का व्हावी? हे गाव १६१० साली मलिक अंबरने खडकी म्हणून वसविले, १६५३ पासून औरंगाबाद म्हणविले गेले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावे काहीही असोत, गाव लष्करी छावणीचे. जेथे फौज तेथे लोहार, खोगिरे व म्याने शिवणारा जिनगर आणि धार लावणारा शिकलगार हे असावयाचेच. लोहाराला गावगाड्यात बलुतेदाराचे स्थान मिळाले, जिनगरांच्या नावाने गल्ल्या राहिल्या. शिकलगार मात्र फिरस्ता. दाराशी आला, धार लावून गेला, आणि इतिहासाच्या पानांतूनही तसाच निघून गेला.

त्याचे नाव आहे मोठे रुबाबदार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे शस्त्राला चकाकी देणे. त्यास फारसी ‘गर’ प्रत्यय लागून ‘सैकलगर’ झाला आणि मराठी जिभेने त्याचा शिकलगार केला. मराठीत ‘साण’ आहे ती संस्कृतातील ‘शाण’पासून. म्हणजे अवजार एका परंपरेतले, कारागिराचे नाव दुसऱ्या परंपरेतले, आणि काम दोघांच्याही तलवारींचे! शिकलगारांत मुसलमान आहेत, हिंदू आहेत आणि शीखही आहेत. धर्माच्या रकान्यात ही विद्या बसवू पाहणाऱ्याची पंचाईत व्हावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तलवार कापते ती कोणाच्या गुणाने? पोलादाच्या, वीराच्या मनगटाच्या, की धार लावणाऱ्याच्या? दख्खनच्या पोलादाची कीर्ती खरी आहे. निजामाच्याच राज्यात, निजामाबादकडील कोनसमुद्रम्‌ येथे मुशीत पोलाद होत असे, आणि ते विकत घेण्यासाठी थेट इराणातून व्यापारी येत. सर्वेक्षण खात्यातील डॉ. व्हॉयसी याने हे पाहून लिहिलेला वृत्तान्त १८३२ साली छापला गेला. त्यामुळे आपल्या तलवारी पोलादामुळे कापत, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच निजामाच्या घोडदळाची एक हकीकत या समजुतीला चांगलाच धक्का देते.

कॅप्टन नोलन हा इंग्रज घोडदळातील अधिकारी. क्रिमियाच्या युद्धात बॅलाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात १८५४ साली तो मारला गेला. त्याच्या आदल्या वर्षी घोडदळावरील त्याचे पुस्तक निघाले. त्यात तो सांगतो, की निजामाच्या स्वारांची रोहिल्यांशी एक चकमक झाली आणि तीत तलवारीचे घाव असे भयंकर बसले होते की त्याचे त्याला नवल वाटले. या तलवारी आहेत तरी कसल्या म्हणून त्याने जाऊन चौकशी केली. निघाल्या त्या इंग्रज पलटणींनी जुन्या म्हणून टाकून दिलेल्या! स्वारांनी त्यांना नव्या मुठी बसविल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावून घेतली होती, आणि लोखंडी म्यान टाकून लाकडी म्यानात ठेवल्या होत्या. लढाईखेरीज त्या बाहेर काढीत नसत. वार करण्याची काही विशेष शिकवण देता काय, असे विचारता उत्तर मिळाले त्याचा मतलब असा, की शिकवण कसली, धारदार तलवार कोणाच्याही हाती कापतेच.

या हकीकतीवर थोडे थांबले पाहिजे. पाते तेच, पोलाद तेच, तेही विलायती. इंग्रज स्वाराच्या हाती ते बोथट होते, कारण लोखंडी म्यानात घालता-काढताना दर वेळी धार म्यानाच्या कडेला घासे. फरक केला तो दोघांनी : धार लावणाऱ्याने आणि लाकडी म्यान करणाऱ्याने. या घोडदळाच्या छावण्यांपैकी एक आपल्या गावात होती, दुसऱ्या मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, व हिंगोलीस. पुराणवस्तुसंग्रहालयात तलवारी पाहताना आपण मुठीवरील नक्षी पाहतो आणि मालकाचे नाव विचारतो. धार कोणी लावली, हे विचारलेले आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

ही धार लागे कशाने? कुरुंदाच्या साणेने. कुरुंद हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा खनिज दगड. त्याची पूड लाखेत कालवून चाक ओतावयाचे आणि वादीने ते मागेपुढे फिरवावयाचे, अशी जुनी रीत. दक्षिण हिंदुस्थानातील हेच नाव उचलून युरोपियनांनी ‘कोरंडम्‌’ केले. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील या दगडावर निबंधच वाचला. पुढे युरोप-अमेरिकेत बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून तोच पदार्थ कृत्रिम रीतीने करू लागले. आपल्याकडेही १९४१ साली उरणजवळ मोरा येथे साणचाकांचा कारखाना निघाला. दुकानातील फिरत्या पट्ट्यावर चिकटविलेले खरखरीत कण सामान्यतः याच जातीचे असतात. यंत्र परके वाटले तरी त्याचा दात ओळखीचाच आहे.

मग आमची विळी बिघडली कशी? पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने शेकतात. २२० अंशांच्या आसपास त्यावर गवती पिवळा रंग येतो. चाकूसुरीला साधारण हाच बरा. ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग येतो. तो स्प्रिंगेला चालतो, धारेला नाही. वेगाने पळणाऱ्या पट्ट्यावर पात्याची पातळ कड क्षणार्धात तापते. निळा रंग दिसला की समजावे, कडेचे पाणी उतरले. लाखेच्या साणेला हा धोका फारसा नव्हता. लाख ७५ ते ८० अंशांनाच मऊ पडते. कारागिराने घाई केली तर पाते बिघडण्याआधी साणच बिघडू लागे! संथपणा त्याच्या स्वभावात होता की नाही कोण जाणे, अवजारात मात्र होता. यंत्राला हा अडसर नाही, तेव्हा तो माणसाने स्वतः घालावयाचा : बारीक पट्टा, कमी वेग, हलका हात, आणि दर फेरीला पाण्यात बुडवणे. एवढे केले तर यंत्राची धार कोणत्याही साणेच्या तोडीची होते. यंत्राला शिव्या देणाऱ्यांच्या पक्षात आम्हांस धरू नये.

साणेनंतर यावयाचे चामडे, आणि त्याचा विसर तर सगळ्यांनाच पडला आहे. साणेवरून निघालेल्या कडेला केसाहून बारीक अशी पोलादाची कोर उचललेली असते. ती ठेवली तर वाकते आणि धार दोन दिवसांत गेलीशी वाटते. न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर इकडून तिकडे फिरवीत असे ते या कोरेसाठी. पाते पाठीकडे ओढावयाचे. कडेकडे ढकलले तर चामडेच कापले जाते. येथे धातू फारसा झिजत नाही, नुसती कड सरळ होते. फेकून देण्याचे पाते आले आणि हा पट्टा न्हाव्याच्या दुकानातूनही गेला.

शिकलगाराचे तलवारीचे काम यापूर्वीच संपले होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९४९ साली जहागिरी गेल्या, आणि जहागीरदारांच्या पदरच्या शिपायांबरोबर त्यांच्या तलवारीही. राहिल्या त्या विळ्या, कात्र्या, खाटकाचे सुरे, चांभाराची रापी. सायकल स्टँडवर उभी करून पायडलने दगड फिरविणारा, दख्खनी बोलीत हाक देत गल्लीतून जाणारा धारवाला आपण सर्वांनी पाहिला आहे.

अशाच एका वृद्ध धारवाल्यास आम्ही गुलमंडीच्या मागे गाठले आणि विळी दाखविली. त्याने कडेवरून अंगठा आडवा फिरविला आणि म्हणाला, “साहेब, जळलीये ही. निळं सगळं काढावं लागेल.” त्याने हळूहळू दगड फिरविला, तीन-चार घसाऱ्यांनंतर विळी पाण्याच्या डब्यात बुडविली, पुन्हा धरली. पाऊण तास गेला. शेवटी सायकलच्या दांड्याला बांधलेला जुना कमरपट्टा सोडून त्यावर पाते दहाबारा वेळा ओढले आणि स्वतःच्या मनगटावरचे केस काढून दाखविले. पाते बोटभर अरुंद झाले आहे. आम्ही पैसे विचारले तेव्हा त्याने दुकानदाराने घेतले त्याच्या निम्मेच सांगितले.