शिशाच्या क्षारांचे रंग

नाव एकाचे आणि कीर्ती दुसऱ्याची, हा प्रकार घराण्यांत घडतो तसा खनिजांतही घडतो. १८३९ साली उरल पर्वतातून आलेले एक काळसर खनिज जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझे यांनी तपासले आणि लेव पेरोव्स्की या रशियन सरदाराच्या सन्मानार्थ त्याला ‘पेरोव्स्काइट’ हे नाव दिले. पुढे अणूंची तशीच मांडणी असलेल्या साऱ्या स्फटिकांना तेच नाव पडले. आज बोलबाला आहे तो त्यांतल्या शिशाच्या शाखेचा.

या शाखेचे जोडक्षार अमेरिकेत होरेस वेल्स यांनी १८९३ सालीच तयार केले होते. पण स्फटिकाच्या पोटात शिरणारे क्ष-किरण सापडायला अजून दोन वर्षे होती. ती अंतर्रचना उलगडली १९५८ साली, कोपनहेगनच्या क्रिस्तियन म्यॉलर यांनी. प्रकाश पडताच या क्षारांतून वीज वाहू लागते, हेही त्यांनी नोंदविले.

क्लोराइड फिकट, ब्रोमाइड नारिंगी आणि आयोडाइड काळे. हा रंगभेद कशामुळे? प्रकाश शोषताना इलेक्ट्रॉनाला जणू एक उडी घ्यावी लागते. क्लोराइडमध्ये ती उंच असते. जांभळ्या किरणांनाच ती पेलते, बाकीचा प्रकाश तसाच पार जातो. आयोडाइडमध्ये ती ठेंगणी, म्हणून बहुतेक सारे रंग तेथे गिळले जातात. घटकांचे प्रमाण बदलले की रंगही बदलतो. २०१५ साली झुरिकच्या संशोधकांनी याच क्षारांचे अतिसूक्ष्म कण करून जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा झगझगीत प्रकाश त्यांतून काढून दाखविला.

दरम्यान १९७८ साली जर्मनीत डीटर वेबर यांनी सीझियमच्या जागी एक सेंद्रिय घटक बसविला होता. तसल्याच क्षारापासून २००९ साली जपानमध्ये त्सुतोमू मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी सौरघट बनविला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ३.८ टक्के तो विजेत बदलू शके. आज प्रयोगशाळेतल्या छोट्या घटांनी २५ टक्के ओलांडले आहेत. म्यॉलर यांच्या नोंदीपासून पहिल्या घटापर्यंत मात्र ५१ वर्षे गेली!

तरीही, वाचकहो, पणती पेटविण्यापूर्वी तेल सांडत नाही ना, हे आपण पाहतोच. या क्षारांना दमट हवा सोसत नाही आणि त्यांत शिसे आहे. घट फुटला आणि पावसाने ते शिसे मातीत उतरले तर? छपराछपरावर हा घट चढण्याआधी या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे.