लाकडी मोटरनौकांची जुनी पेट्रोल एंजिने

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेतील नद्या व सरोवरे यांवर सहलीसाठी व शर्यतींसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडी नौकांत बसविलेली, ठिणगीने इंधन पेटविणारी अंतर्ज्वलन-एंजिने. यांपैकी अनेक एंजिने मुळात नौकांसाठी घडविलेली नव्हती. मोटारगाड्या, ट्रक, शेतयंत्रे वा विमाने यांसाठी तयार झालेल्या एंजिनांत फेरफार करून ती पाण्यावर आणली गेली. त्यामुळे अशा एंजिनाची नेमकी ओळख पटविणे हे त्याच्या देखभालीतील पहिले काम ठरते.

इतिहास : गोटलीप डाइमलर (१८३४–१९००) व व्हिल्हेल्म मायबाख (१८४६–१९२९) यांनी १८८६ मध्ये जर्मनीत नेकार नदीवर पेट्रोल एंजिनाची नौका चालवून दाखविली. पेट्रोलचा स्फोट होईल अशी लोकांना धास्ती वाटे. म्हणून एंजिन झाकून नौका विजेवर चालते असा भास निर्माण केला होता, असे सांगतात. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती, हे पुढील अनुभवाने दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमानांची शिल्लक एंजिने स्वस्तात मिळू लागली. मिशिगन राज्यातील ॲल्गोनॅक येथील नौकाबांधणीकार ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ (१८६१–१९३९) यांच्या कारखान्याने ९० अश्वशक्तीची कर्टिस ओएक्स–५ ही एंजिने आपल्या नौकांत वापरली. याच कारखान्यातून पुढे ‘ख्रिस-क्राफ्ट’ हे नाव प्रसिद्धीस आले. हा साठा आटत गेला, तसे कारखानदार मोटारगाड्यांच्या व उद्योगधंद्यांत वापरल्या जाणाऱ्या एंजिनांकडे वळले. ख्रिस-क्राफ्टच्या ६० अश्वशक्तीच्या ‘बी’ व ९५ अश्वशक्तीच्या ‘के’ या एंजिनांचे ठोकळे ओहायओ राज्यातील कँटन येथील हर्क्युलीस कंपनीचे होते. ग्रे मरीनची कित्येक एंजिने काँटिनेंटल कंपनीच्या ठोकळ्यांवर उभारलेली होती. क्रायस्लरने ‘ऐस’ व ‘क्राउन’ ही सहा सिलिंडरांची आणि ‘रॉयल’ हे ओळीत आठ सिलिंडर असलेले एंजिन विकले. युनिव्हर्सल कंपनीचे ‘ॲटॉमिक फोर’ हे ३० अश्वशक्तीचे छोटे एंजिन १९४७ ते १९८४ पर्यंत तयार होत होते. १९६० च्या दशकात काचतंतूंच्या नौका आणि ‘व्ही’ आकाराची आठ सिलिंडरांची एंजिने यांचा प्रसार झाला व हे युग ओसरले.

ओळख : एंजिनावरील नामपट्टी हा पहिला पुरावा असला, तरी तो अखेरचा नव्हे. पट्ट्या हरवतात, तसेच त्या एका एंजिनावरून दुसऱ्यावरही जातात. ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यावर उठलेले आकडे मूळ उत्पादकाचे असतात. नौकेसाठी फेरफार करणाऱ्या कंपनीचा क्रमांक वेगळा असतो. दोन्ही पडताळून पाहिल्यावरच एंजिनाचे कूळ कळते. न्यूपोर्ट न्यूज (व्हर्जिनिया) येथील मरिनर्स म्यूझियममध्ये ख्रिस-क्राफ्टची मूळ नोंदपत्रे जतन केलेली आहेत. नौकेच्या क्रमांकावरून ती कोणत्या एंजिनासह कारखान्याबाहेर पडली, हे त्यांवरून शोधता येते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे फिरण्याची दिशा. दोन एंजिनांच्या नौकेत प्रचालक परस्परविरुद्ध दिशांनी फिरावेत, म्हणून एक एंजिन पुष्कळदा उलट फिरणारे असे. सहा सिलिंडरांच्या नेहमीच्या एंजिनाचा ज्वलनक्रम १–५–३–६–२–४ असतो, तर उलट एंजिनाचा १–४–२–६–३–५. अशा एंजिनाची आरंभक मोटर व झडपा उघडणारा दंडही निराळे असतात. या जोड्यांपैकी एक जरी भाग चुकीचा बसविला, तरी एंजिन चालत नाही किंवा ज्वाला कार्बुरेटरमधून उलट बाहेर येते.

देखभाल : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. मोटारगाडीत ती खाली निसटून जाते. नौकेत मात्र ती तळाशी साचून राहते व एका ठिणगीने पेटू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या १९४० च्या मोटरनौका अधिनियमाने कार्बुरेटरवर ज्वालारोधक आणि एंजिनकक्षात वायुवीजन आवश्यक केले. बाहेरून सारखा दिसणारा मोटारगाडीचा विद्युत् जनित्र वा आरंभक येथे बसविणे धोक्याचे असते, कारण त्यांतील ठिणगी बंदिस्त नसते.

अनेक जुनी एंजिने नदी-सरोवराच्या पाण्यानेच थंड होतात. त्यामुळे ठोकळ्यातील पाण्याच्या वाटा गाळाने व गंजाने बुजतात. निष्कासनळाचे जलावरण आतून गंजून फुटले, तर पाणी सिलिंडरांत शिरते. थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी सर्व पाणी काढावे लागते. निचऱ्याची तोटी उघडूनही पाणी आले नाही, तर ठोकळा रिकामा आहे असे न समजता तारेने छिद्र मोकळे करतात. अन्यथा गोठलेले पाणी प्रसरण पावून लोखंड तडकते. नौकेचे लाकूड पाण्यात फुगते व तिचा आकार किंचित बदलतो. यास्तव एंजिन व प्रचालकदंड एका रेषेत आहेत की नाहीत, हे नौका काही दिवस पाण्यात राहिल्यावरच तपासतात. जोडतबकड्यांमधील फटीत सु. ०·०८ मिमी. इतकाच फरक चालतो.

इंधनही आता बदलले आहे. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलच्या विक्रीवर बंदी आली. पेट्रोलमध्ये मिसळलेले एथिल अल्कोहॉल जुन्या कार्बुरेटरमधील बुचाच्या तरंड्यावरील लाखेचा लेप विरघळविते व जुने रबर खराब करते. त्यामुळे तरंडे व नळ्या बदलाव्या लागतात.

महत्त्व : नवे एंजिन बसविणे सोपे व पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. परंतु त्यामुळे नौकेचे वजन, आवाज व चाल बदलतात आणि युद्धोत्तर शिल्लक माल, शेतयंत्रांचे ठोकळे व मोटारउद्योग यांतून सामान्य माणसाची मोटरनौका कशी घडली, याचा पुरावाही नाहीसा होतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ने अशा नौकांच्या जतनाला चालना दिली. जतन याचा अर्थ मात्र सर्व काही जसेच्या तसे ठेवणे असा नव्हे. ठोकळा, नामपट्टी व ज्वलनक्रम मूळचे राखावेत. इंधननळ्या, विजेच्या तारा व वायुवीजन मात्र आजच्या सुरक्षिततेच्या कसोटीस उतरणारे असावे, अशी यातील विवेकी भूमिका आहे.

पहा : अंतर्ज्वलन-एंजिन, पेट्रोल, मोटरनौका.