चित्तप्रसाद

चित्तप्रसाद भट्टाचार्य (२१ जून १९१५, नैहाटी, बंगाल – १३ नोव्हेंबर १९७८, कोलकाता) हे भारतीय मुद्राचित्रकार, रेखाटनकार आणि चित्रपुस्तिकांचे कर्ते होते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची त्यांनी गावोगाव पायी फिरून केलेली रेखाटने आणि त्यांवर आधारलेली ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका यांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. १९४६ पासूनचे बहुतेक आयुष्य त्यांनी मुंबईत, मुख्यतः अंधेरी येथे व्यतीत केले. लिनोच्या ठशांवरून काढलेली त्यांची बहुसंख्य मुद्राचित्रे याच काळातील आहेत. भारतीय जननाट्य संघाचे (इप्टा) नगारा वाजविणाऱ्या वादकाचे बोधचिन्ह त्यांनीच रेखाटलेले आहे.

प्रारंभीचे जीवन

चित्तप्रसाद यांचे महाविद्यालयीन शिक्षण चितगाव येथील शासकीय महाविद्यालयात झाले. १९३० मध्ये सूर्य सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शस्त्रागारावर हल्ला केला होता. त्या घटनेचे पडसाद शहरात पुढे अनेक वर्षे उमटत राहिले आणि अशा वातावरणात वाढलेले चित्तप्रसाद विद्यार्थिदशेतच राजकारणाकडे ओढले गेले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कोठेही घेतले नाही. जातिव्यवस्थेचा निषेध म्हणून त्यांनी आपले ब्राह्मणी आडनाव टाकून दिले. त्यामुळे चित्रांवर आणि पुस्तकांवर ‘चित्तप्रसाद’ एवढेच नाव आढळते.

साम्यवादी पक्षाशी संबंध आल्यानंतर ते पक्षासाठी भित्तिपत्रके व व्यंगचित्रे काढू लागले. पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पूरनचंद जोशी यांना कलावंतांची पारख होती. छायाचित्रकार सुनील जाना यांच्याप्रमाणेच चित्तप्रसाद यांनाही त्यांनी पक्षाच्या नियतकालिकांच्या कामात आणले. ‘पीपल्स वॉर’ या इंग्रजी साप्ताहिकातून त्यांची रेखाटने प्रसिद्ध होऊ लागली.

हंग्री बेंगॉल

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरील नावा ताब्यात घेतल्या किंवा मोडून टाकल्या आणि तेथील तांदळाचे साठेही उचलले. नाव हेच त्या प्रदेशातील दळणवळणाचे साधन असल्यामुळे कोळी आणि शेतकरी दोघेही अडचणीत आले. मेदिनीपूर जिल्ह्यावर तर ऑक्टोबर १९४२ मध्ये प्रचंड चक्रीवादळही कोसळले. ‘छोडो भारत’ चळवळीत या जिल्ह्यातील तामलूक येथे, साताऱ्याच्या प्रतिसरकारासारखेच, समांतर राष्ट्रीय सरकार स्थापन झाले होते. त्यामुळे शासनाचा रोषही या भागावर होता. पुढील वर्षी पडलेल्या दुष्काळात बंगालमध्ये किती माणसे मेली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सरकारी चौकशी आयोगाने हा आकडा सुमारे १५ लाख मानला, तर अमर्त्य सेन यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपुरात गेले. (नागपूरहून हावड्याकडे जाणारी तत्कालीन बेंगॉल-नागपूर रेल्वेची गाडी याच जिल्ह्यातील खरगपूरवरून जात असे.) गावोगाव हिंडून त्यांनी काळ्या शाईत माणसांची चित्रे काढली आणि सोबत टिपणेही ठेवली. या रेखाटनांचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे ‘दुष्काळग्रस्त’ हा शब्द चित्रकाराला पुरेसा वाटलेला नाही. अनेक चित्रांच्या कडेला त्या माणसाचे नाव, गाव आणि त्याच्यावर काय गुदरले याची नोंद आहे. जमीन किती होती, ती कशी गेली, घरातील कोण कोण गेले, हे सारे तेथे वाचावयास मिळते. दया उत्पन्न करणारी चित्रे काढणे तुलनेने सोपे असते. येथे चित्राला साक्षीपुराव्याचे रूप आले आहे. त्याच दुष्काळाची झैनुल आबेदिन यांनी काढलेली चित्रे रेषेच्या दृष्टीने कदाचित अधिक सरस ठरतील. परंतु चित्र व मजकूर यांची अशी जोड त्यांत नाही.

या दौऱ्यातून ‘हंग्री बेंगॉल’ ही लहानशी इंग्रजी पुस्तिका तयार झाली. तिचा मजकूर आणि चित्रे दोन्ही चित्तप्रसाद यांचीच आहेत. धान्य कोठे अडविले गेले, साठेबाजी कोणी केली, मदतकेंद्रांत काय मिळत होते, हे तिच्यात स्पष्टपणे लिहिलेले होते. ब्रिटिश सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. त्यांतून वाचलेली एक प्रत चित्रकाराच्या कुटुंबीयांनी कोलकात्यातील एका बँकेच्या तिजोरीत जपून ठेवली होती. तिच्यावरून दिल्ली आर्ट गॅलरीने २०११ मध्ये पुस्तिकेची प्रतिरूप आवृत्ती काढली. मधली जवळजवळ सात दशके ही पुस्तिका वाचकांना अनुपलब्धच होती.

मुंबईतील वास्तव्य

१९४६ मध्ये चित्तप्रसाद मुंबईत स्थायिक झाले. पक्षाचे मुख्यालय त्या वेळी सँडहर्स्ट रोडवरील राजभुवन या इमारतीत होते आणि तेथील सामुदायिक निवासात लेखक, गायक, नट, चित्रकार अशा अनेकांचा राबता असे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा काळही हाच. फेब्रुवारी १९४६ मधील नौसैनिकांच्या उठावावर आणि तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्यावर चित्तप्रसाद यांनी चित्रे काढली.

१९४८ मध्ये कोलकाता येथील अधिवेशनात पक्षाने आपले धोरण बदलले. जोशी यांच्या जागी भा. त्र्यं. रणदिवे सरचिटणीस झाले आणि सांस्कृतिक आघाडीवरील मोकळेपणा आटला. चित्तप्रसाद लवकरच पक्षकार्यापासून दूर झाले. त्यांनी विचार बदलले नाहीत, मात्र नियमित काम व आधार दोन्ही गेले. पुढील आयुष्य त्यांनी अंधेरीत अविवाहित अवस्थेत, बेताच्या मिळकतीवर काढले. त्याच सुमारास मुंबईत प्रोग्रेसिव्ह गटातील चित्रकारांचे नाव होऊ लागले होते. त्यांची तैलचित्रे दालनांतून मांडली जात. चित्तप्रसाद यांचे कागदावरचे काळे-पांढरे ठसे या बाजारात बसणारे नव्हते, आणि त्यांनीही तेथे शिरण्याची फारशी खटपट केली नाही.

लिनोवरील मुद्राचित्रे

लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन. जवसाचे तेल, बुचाचा भुगा इत्यादींचा लगदा तागाच्या कापडावर थापून ते तयार करतात. त्यावर चित्र उलटे उतरवून घेऊन, जो भाग पांढरा हवा तो कोरणीने काढून टाकतात. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावून कागद दाबला की ठसा उमटतो. छापयंत्र नसले तरी चमच्याच्या पाठीने कागद घासून काम भागते. लाकडाप्रमाणे यात शिरा आडव्या येत नसल्यामुळे रेषा हवी तशी वळविता येते. साहित्य स्वस्त आणि एका ठशावरून अनेक प्रती, हे दोन्ही गुण चित्तप्रसाद यांना सोयीचे होते. चित्र एकाच धनिकाच्या भिंतीवर न राहता पुष्कळांच्या हाती जावे ही त्यांची धारणा या माध्यमात सहज बसली.

पांढरी रेषा काळ्यातून खोदून काढण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. सूप पाखडणाऱ्या किंवा मूल कडेवर घेतलेल्या स्त्रिया, नांगरणी, विश्रांती घेणारे मजूर, प्रेमी युगुले असे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात. दुष्काळाच्या रेखाटनांतील खडबडीत, घाईची रेषा येथे जाऊन तिची जागा बंगालच्या लोककलेशी नाते सांगणाऱ्या गोलाईने घेतली आहे. काही समीक्षकांना यात लढाऊपणा ओसरल्याचे दिसते. तथापि श्रमणारा माणूस त्यांच्या चित्रांतून शेवटपर्यंत हललेला नाही.

मुलांसाठीचे काम

‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ (परीकथांविना देवदूत) ही लिनो-मुद्राचित्रांची मालिका त्यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी केली. खेळण्याच्या वयात राबणारी मुले हा तिचा विषय. युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने ती १९६९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. याशिवाय रामायणातील प्रसंगांवर आणि बंगाली लोककथांवरही त्यांनी मुलांसाठी ठसे कोरले. त्यांतील बराच भाग त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

‘खेलाघर’ नावाने त्यांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळही उभा केला. फ्रांटिशेक सालाबा या चेक स्नेह्याकडून त्यांना या कलेची गोडी लागली होती. बाहुल्या स्वतः घडवायच्या, संहिता स्वतः लिहायच्या आणि आसपासच्या वस्तीतील मुलांना खेळ दाखवायचा, असा हा संसार होता. त्यातून अर्थप्राप्ती होणे शक्यच नव्हते.

संग्रह, चित्रपट व प्रदर्शने

स्वदेशापेक्षा चेकोस्लोव्हाकियात त्यांची कदर अगोदर झाली. प्राग येथील राष्ट्रीय कलादालनात त्यांची मुद्राचित्रे संग्रहित आहेत. चेक दिग्दर्शक पावेल होब्ल यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘कन्फेशन’ हा लघुपट केला. त्याला जागतिक शांतता परिषदेचे विशेष पारितोषिक मिळाले.

१९७८ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीने त्यांच्या कामाचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरविले व त्यानिमित्त संजय कुमार मल्लिक यांचा ग्रंथ प्रकाशित केला. २०१७ मध्ये अथेन्स व कासेल येथील ‘डॉक्युमेंटा १४’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडण्यात आली होती.