‘चार्ज घेत नाही’ : एका नकाराचा इतिहास

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी त्यांच्या घरून निरोप आला. सरांचा लॅपटॉप भंगारात द्यायचा होता; तत्पूर्वी आम्ही एकदा नजरेखालून घालावा, अशी घरच्यांची इच्छा होती. निवृत्तीनंतरचे सरांचे सारे लेखन त्या यंत्रावर झाले होते. दोन वर्षे ते कपाटात पडून होते. बटण दाबले तर काही हालचाल नाही. विजेला जोडले तर बॅटरीचा दिवा चार वेळा मिचकावे आणि विझे. दुकानदाराने निदान सांगितले होते : ‘बॅटरी चार्ज घेत नाही, आणि या मॉडेलची आता मिळतही नाही.’ त्यावरून घरच्यांनी निष्कर्ष काढला होता की बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉप गेला, आणि लॅपटॉप गेला म्हणजे सरांचे लिखाण गेले.

या विधानातले दोन्ही ‘म्हणजे’ आम्हाला खटकले. दुकानदाराचे क्रियापद मात्र मोलाचे वाटले. बॅटरी चार्ज ‘होत’ नाही असे तो म्हणाला नाही. ‘घेत’ नाही असे म्हणाला. कार्यालयात नवा अधिकारी चार्ज घेतो किंवा घ्यायचे नाकारतो, तसे काहीसे. चार्ज न घेणे हे पुष्कळदा अपयश नसून नकार असतो, आणि हा नकार यंत्राला माणसाने शिकवलेला आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. तो का शिकवावा लागला, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा विचार करणे व्यर्थ होय.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘बॅटरी’ हा शब्द विजेच्या संदर्भात बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ च्या एका पत्रात वापरला. काचेची अकरा तावदाने आणि शिशाचे पत्रे जोडून त्याने विद्युतभार साठवला होता, आणि ओळीने मांडलेल्या तोफांना असलेले नाव त्या मांडणीला दिले. ‘चार्ज’ या शब्दाचा मूळ अर्थ ओझे लादणे, गाडी भरणे असा. मराठीतही आपण इन्व्हर्टर ‘भरतो’, आणि पाठ्यपुस्तकांत ‘विद्युतप्रभार’ शिकवतो. खेड्यापाड्यांत तर बॅटरी म्हणजे हातात धरायचा विजेरी दिवाच. या सगळ्या शब्दांमागे एक समान कल्पना उभी आहे : बॅटरी हे भांडे आहे, त्यात वीज ओततात, ती संपली की पुन्हा ओततात. फ्रँकलिनच्या तावदानांपुरती ही कल्पना ठीक होती. पुढच्या बॅटऱ्यांना ती लागू पडत नाही, आणि आपला बहुतेक गोंधळ तिच्यातूनच उद्भवतो.

२० मार्च १८०० रोजी अलेस्सांद्रो व्होल्टाने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या विद्युतराशीची हकीकत कळवली. चांदी व जस्त यांच्या चकत्यांची उतरंड, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे. या राशीत कोणी वीज ओतली नव्हती. जस्त झिजत होते आणि त्या झिजण्यातून वीज निघत होती. म्हणजे व्होल्टाची राशी हे भांडे नव्हते, ती एक घडणारी घटना होती. घटना एकदा घडली की संपली. ती उलटी फिरवण्याची सोय तीत नव्हती.

ही सोय १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून त्याने सौम्य गंधकाम्लात बुडवले. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. बाहेरून वीज उलट दिशेने सोडली की ते सल्फेट विरघळून पत्रे जवळजवळ पूर्वस्थितीला येतात. चार्जिंगचा खरा अर्थ हा. काहीही भरले जात नाही; झालेला रासायनिक बदल माघारी फिरवला जातो. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आल्या, त्या तत्त्वतः प्लांतेच्याच वंशातल्या.

वरील वर्णनातला ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शिशाची बॅटरी उतरलेल्या स्थितीत महिनोन्महिने पडून राहिली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते उलट प्रवाहाला दाद देत नाहीत. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नेरने निकेल-कॅडमियमची बॅटरी केली. तिची खोड निराळी. ती वारंवार अर्धवट उतरवून भरली, तर कालांतराने तेवढीच वीज देण्याची तिला सवय लागते, असे दिसून येई. हीच तिची बहुचर्चित ‘स्मृती’. नवी बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मग पूर्ण भरावी, हा आजही ऐकू येणारा सल्ला त्या काळचा आहे. रसायन बदलले, सल्ला मागे उरला.

सुट्या संगणकांनी या दोन्ही बॅटऱ्या वापरल्या. ॲपलने १९८९ मध्ये काढलेल्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये शिशाची बॅटरी होती, आणि तिची रचना अशी की बॅटरी निकामी झाल्यास यंत्र नुसत्या अडॅप्टरवर सुरूच होत नसे. म्हणजे ‘बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉप गेला’ हे वाक्य एका विशिष्ट यंत्रापुरते एके काळी खरे होते. ते सर्व यंत्रांना लागू आहे काय, हा पुढचा प्रश्न.

त्यासाठी लिथियमकडे वळावे लागेल, कारण नकाराचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. लिथियम हा सर्वांत हलका धातू. इलेक्ट्रॉन सोडण्यास अतिशय उत्सुक, म्हणून बॅटरीसाठी आकर्षक आणि त्याच कारणाने धोक्याचा. १९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेलकंपनीत लिथियम धातू आणि टायटेनियम डायसल्फाइड यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. ती वारंवार भरली की लिथियमवर सुईसारखे काटे वाढत, ते पलीकडच्या ध्रुवाला टेकले की आतल्या आत शॉर्टसर्किट होई आणि आग लागे. त्या प्रयोगशाळेत अग्निशामक दलाला अनेकदा यावे लागले होते. १९८९ मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्यांनी जपानमध्ये मोबाइल संचांत पेट घेतला. माल परत घ्यावा लागला आणि कंपनी डबघाईला आली.

तोपर्यंत दुसरा मार्ग सापडला होता. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा ध्रुव सुचवला. १९८५ मध्ये असाही कासेई या जपानी कंपनीत अकिरा योशिनो यांनी दुसऱ्या बाजूला लिथियम धातूऐवजी पेट्रोलियम कोक, म्हणजे कार्बनचा एक प्रकार, योजला. आता बॅटरीत लिथियम धातू उरला नाही. फक्त त्याचे आयन दोन पदार्थांच्या थरांमध्ये ये-जा करू लागले. तज्ज्ञ या रचनेला डुलत्या खुर्चीची उपमा देत. आपण झोपाळा म्हणू. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

झोपाळा मात्र मर्यादेतच हलवावा लागतो. अशा सेलचा दाब साधारणतः ४.२ व्होल्टच्या वर गेला तर तो तापून पेटण्याची भीती. फार खाली, दोनएक व्होल्टच्याही खाली गेला, तर आतले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा भरताना ते नको तिथे साचून शॉर्टसर्किट घडवू शकते. गोठणबिंदूखाली भरले तर लिथियम पुन्हा धातूरूपात जमू लागतो, म्हणजे व्हिटिंगहॅम यांच्या काट्यांना नवे निमंत्रण. म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीत सेलांच्या जोडीला एक चिप बसवलेली असते. ती दाब मोजते, तापमान पाहते, किती फेऱ्या झाल्या त्याची नोंद ठेवते आणि शंका येताच चार्जिंग थांबवते. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये डेलला सोनीच्या सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. सेल बनवताना आत शिरलेले धातूचे सूक्ष्म कण हे त्यामागचे कारण होते. पडद्यावर उमटणारे ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ हे तीन-चार शब्द या सगळ्या आगींचे सार आहेत.

मग दुरुस्ती म्हणजे काय? नकार नेमका कोण देत आहे हे ओळखणे, आणि तेही बाहेरून आत जात. पहिला संशयित अडॅप्टर. काही कंपन्यांच्या अडॅप्टरमध्ये ओळख पटवणारी एक बारीक तार असते. ती तुटली की यंत्र चालते, पण बॅटरी भरत नाही. टाइप-सी जोडणीत ६५ वॉट मागणाऱ्या यंत्राला मोबाइलचा छोटा चार्जर लावला तरी हेच घडते. दुसरा संशयित आपणच. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय अनेक लॅपटॉपमध्ये असते. ती कोणीतरी चालू केलेली असते आणि विसरलेली असते. तिसरा संशयित यंत्रातले नियंत्रण. यंत्र बंद करून, अडॅप्टर काढून, बॅटरी निघत असल्यास तीही काढून, सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेले नियंत्रण पुष्कळदा ताळ्यावर येते. यंत्र तापलेले असेल, तर ते निवण्याची वाट पाहणे हाही उपाय होय.

या तिन्ही नकारांची समजूत घालता येते. चौथा नकार सेलचा, आणि तो अंतिम असतो. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. समजा, मूळ ४८ वॉट-तास असताना आज १५ उरले असतील, तर ती झीज आहे. साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर क्षमता ठळकपणे घटते, कारण प्रत्येक फेरीत थोडे लिथियम ध्रुवावरच्या थरात कायमचे अडकते. दीर्घकाळ पडून सेल खोल उतरला असेल, तर चिप आधी अगदी मंद प्रवाह देऊन पाहते आणि दाब वाढला नाही की दार बंद करते. अशा सेलला बाहेरून जोरजबरदस्तीने वीज देण्याच्या, बॅटरी शीतकपाटात ठेवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या करू नयेत. बॅटरी फुगली असेल तर ती भरू नये, दाबू नये, टोचू नये. येथे बदलणे हीच दुरुस्ती.

आणि बदलण्याचा अधिकार हाच आज वादाचा विषय आहे. खटका सरकवून बॅटरी काढण्याची पूर्वीची सोय पातळपणाच्या हौसेपायी गेली. २००८-०९ पासून बॅटऱ्या यंत्राच्या पोटात बंद होऊ लागल्या, पुढे पुष्कळ ठिकाणी डिंकाने चिकटवल्या गेल्या. चिपचा नकार सुरक्षिततेसाठी होता. हा नकार तशा कारणाचा नाही, तो विक्रेत्याच्या सोयीचा आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांत फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आल्या पाहिजेत, असे ठरवले आहे. आपल्याकडच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्या उघडता आल्या पाहिजेत, ही मागणी मात्र आपल्याकडे अद्याप म्हणावी तितक्या जोराने होताना दिसत नाही.

सरांचा लॅपटॉप सुदैवाने जुन्या धाटणीचा होता. आम्ही खटका सरकवला, बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि नुसता अडॅप्टर जोडला. यंत्र सुरू झाले. दोन वर्षांत अतोनात उतरलेली बॅटरी चार्ज घेत नव्हतीच, आणि तिच्या त्या नकारात यंत्रही अडकून पडले होते. लिखाण तर चुंबकीय तबकडीवर होते. त्याचा बॅटरीशी संबंधच नव्हता. त्यांचे टिपणवजा लेख आणि एक अर्धे राहिलेले प्रकरण आम्ही उतरवून घेतले. बॅटरी ई-कचरा संकलनाला दिली.

अशी बंद पडलेली यंत्रे आज पुष्कळ अभ्यासकांच्या घरी असतील. त्यांतली हस्तलिखिते वहीसारखी निर्धास्त पडून राहणारी नाहीत. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत तर मजकूरच सूक्ष्म विद्युतप्रभारांच्या रूपात असतो, आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो पुसट होत जाऊ शकतो. तेव्हा कोणी ‘बॅटरी गेली’ म्हणाले, तर कृपया भंगारवाल्याला थोडे थांबवावे, आणि पुढचे ‘म्हणजे’ आधी तपासून घ्यावे.