आबांची जावा आणि खरवडलेला इतिहास



आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही. आज एका जुन्या फटफटीच्या रंगाबद्दल बोलायचंय. आणि सुरुवात कबुलीजबाबाने करतो. इतिहासाचा एक पुरावा मी स्वतःच्या हातांनी नष्ट केलाय. पुण्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी दुपारी, पेंट रिमूव्हर आणि तारेचा ब्रश घेऊन.

गाडी आहे जावा २५०, मॉडेल १९६७. माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची. आबा कोल्हापूरला पशुसंवर्धन खात्यात होते. गावोगाव फिरून गुरांना लस द्यायची, औषधपाणी करायचं. आबा गेल्यावर गाडी परड्यात ताडपत्रीखाली उभी होती. मी टेम्पोत घालून पुण्याला आणली, यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले आणि ठरवलं, घरीच रिस्टोअर करायची. अगदी शोरूममधून आल्यासारखी.

आता ही जावा आली कुठून, ते आधी सांगतो. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक नावाचा शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता. १९२९ मध्ये त्याने वांडरर या जर्मन कंपनीकडून ५०० सीसी मोटारसायकलचं डिझाईन घेतलं. यानेचेकमधला ‘जा’ आणि वांडररमधला ‘वा’, म्हणून जावा. इंडोनेशियातल्या बेटाशी काही संबंध नाही!

भारतात ही गाडी मुंबईच्या इराणी कुटुंबाने आणली. आधी ते तयार गाड्या आयात करून विकायचे. पण १९५० च्या दशकात देशाकडे परकीय चलनाची टंचाई होती, बाहेरून गाड्या आणण्यावर बंधनं आली. विकायची असेल तर इथेच बनवा, असा तो काळ. मग रुस्तम आणि फारुख इराणींनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. उत्पादन सुरू झालं १९६१ मध्ये आणि उद्घाटन केलं जयचामराजेंद्र वाडियार यांनी. सत्तरच्या दशकात नाव बदलून गाडीची येझदी झाली.

गाडी गमतीशीर आहे. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. नाही मिसळलं तर पिस्टन जाम.

तर, पहिल्याच रविवारी मी बाजूचा टूलबॉक्स काढला. वर काळा रंग होता, जाड, हाताने मारल्यासारखा. मी रिमूव्हर फासला, दहा मिनिटं थांबलो आणि ब्रश चालवायला लागलो. पत्रा चमकायला लागला, मी खूश. शेवटचा कोपरा राहिला होता तेव्हा लक्षात आलं, काळ्या रंगाखाली पिवळी अक्षरं आहेत. पेंटरने हाताने काढलेली, वळणदार. तोवर बाकी सगळं फडक्याला लागलं होतं. उरली होती फक्त शेवटची दोन अक्षरं: ‘मन’.

मी लगेच आजीला फोन लावला. म्हटलं, “आजी, आबांनी गाडीवर ‘सुमन’ असं काही लिहून घेतलं होतं का?”

पलीकडे शांतता. मग आजी म्हणाली, “माझं नाव इंदू हाय. ही सुमन कोण, मला बी कळू दे की!”

हसू नका. म्हणजे, हसा. पण आता माझी अडचण बघा. ते सुमन होतं, नमन होतं की आणखी काही, हे यापुढे कधीच कळणार नाही. आरसी बुक काढून बघितलं तर आबा दुसरे मालक. त्यांनी गाडी घेतली १९७६ मध्ये. आधीची नऊ वर्षं ती दुसऱ्या कुणाची तरी होती. त्या नऊ वर्षांबद्दल गाडी स्वतः जे सांगू शकत होती, ते मी दहा मिनिटांत पुसलं.

त्यानंतर दोन आठवडे मी गाडीला हात लावला नाही. मग एक पद्धत शिकलो. रंग सरसकट काढायचा नाही. नाण्याएवढी जागा घ्यायची आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल हलक्या हाताने घासायचं. मध्यभागी खोल, कडेला उथळ. मग झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं दिसतात, प्रत्येक थराचं एक. पेट्रोलच्या टाकीवर हे करून पाहिलं. बाहेर काळा, मग निळा, मग राखाडी लांबी, आणि सगळ्यात आत मूळचा मरून.

मरूननंतर लांबी, म्हणजे टाकी कधीतरी चेपली होती. आजीला विचारलं. “गगनबावड्याच्या वाटेवर म्हस आडवी आली हुती,” ती म्हणाली. “म्हशीला काय झालं न्हाई. ह्यांचा हात मोडला.” जन्मभर गुरांना वाचवणाऱ्या माणसाला म्हशीने पाडलं. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. लांबीने सांगितलं.

इंजिन उघडलं तर आणखी एक नोंद सापडली. या गाडीचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर. माझ्या पिस्टनवर आकडा होता ६६. सिलिंडर झिजला की बोअरिंग करून पाव पाव मिलिमीटरने मोठा करतात आणि पुढच्या मापाचा पिस्टन टाकतात. म्हणजे हे इंजिन बहुतेक चार वेळा झिजून पुन्हा उभं राहिलं होतं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ऐकलंय ना? फाउंड्री आणि लेथवाल्यांची वस्ती. पार्ट मिळाला नाही तर बनवून देणारी माणसं तिथे होती. क्लचचा एक बुश मूळच्या बुशशी जुळत नाही, पण काम चोख. तो लेथवरच केलेला आहे.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ‘ओरिजिनल’ गाडी म्हणून मी ज्याच्या मागे लागलो होतो, ती फक्त कॅटलॉगमध्ये होती. रस्त्यावरची जावा पहिल्या दुरुस्तीपासूनच बदलत गेली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, कमी पेट्रोलात जास्त पळणारी. पुढे धुराचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पण गाड्या बंद नाही पडल्या. त्या मेस्त्रींनी चालू ठेवल्या. कारखाना चालला पस्तीस वर्षं, माझी गाडी त्याहून जास्त चालली. मग तिच्या इतिहासात मोठा वाटा कुणाचा?

माझ्यासमोर खरा प्रश्न होता एका ब्रॅकेटचा. औषधांची पेटी ठेवायला आबांनी फ्रेमला मागे लोखंडी ब्रॅकेट वेल्ड करून घेतला होता. ओबडधोबड. एका जाणकार मित्राने सांगितलं, कापून टाक, किंमत वाढेल. त्याचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ती गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

मी ग्राइंडर हातात घेतला होता, खोटं नाही सांगत. पण फडक्यावरची पिवळी अक्षरं आठवली. ब्रॅकेट ठेवला. नोंदणीही साधीच ठेवली, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची. बाबांनी ती कधी चुकवली नव्हती, हे माझं नशीब.

बाकी काम सात महिने चाललं. सिलिंडरला नवा लायनर, क्रँकचे सील, वायरिंग. हेडलाइटची काच जुन्या बाजारात तिसऱ्या रविवारी सापडली. टाकी पुन्हा मरून केली, पण सीटजवळ तळहाताएवढी जागा सोडली. तिथे सगळे थर दिसतात, वरून फक्त लॅकर. टूलबॉक्स रंगवलाच नाही. उघडा पत्रा आणि कोपऱ्यात ‘मन’.

तुमच्याही घरात जुनी गाडी, शिलाई मशीन, रेडिओ असेल. रिस्टोअर जरूर करा. फक्त आधी फोटो काढा, प्रत्येक नट लेबल लावून डबीत ठेवा, आणि रिमूव्हरची बाटली उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा.

गेल्या महिन्यात गाडी घेऊन कोल्हापूरला गेलो. आजी बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, ब्रॅकेटवर हात ठेवला. म्हणाली, “पेटी माळ्यावर हाय. काढून बसव.” मग टूलबॉक्सकडे बघत म्हणाली, “आन् हिचा पत्ता लागला का?”

नाही लागला, आजी.

भेटू पुढच्या भागात.