वाळलेल्या मातीवरचे आकडे

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मातीची एक पाटी जपून ठेवलेली आहे. लांबी १३ सेंटिमीटर, रुंदी ९. म्हणजे तळहातावर मावावी एवढीच. जॉर्ज प्लिम्प्टन नावाच्या ग्रंथप्रकाशकाने ती १९२२च्या सुमारास विकत घेतली, त्याच्या संग्रहाबरोबर १९३६ साली ती विद्यापीठाकडे आली, आणि अभ्यासक तिला ‘प्लिम्प्टन ३२२’ या रुक्ष नावाने ओळखू लागले. आजच्या इराकमधल्या लार्सा या प्राचीन नगराच्या परिसरात, सुमारे ३८०० वर्षांपूर्वी, कुणा लेखनिकाने ओल्या मातीत बोरू दाबून ती लिहिली. तिच्यावर ना राजाची प्रशस्ती, ना देवाचे स्तोत्र. १५ आडव्या ओळी आणि ४ उभे रकाने. रकान्यांवर मथळे, शेवटच्या रकान्यात ओळीचा क्रमांक, बाकी सगळे आकडे. थोडक्यात सांगायचे तर ते एक कोष्टक आहे.

ते आकडे कसले, याचा उलगडा ऑटो नॉयगेबाउअर आणि अब्राहम सॅक्स या दोघा पंडितांनी १९४५ साली प्रसिद्ध केला. मधल्या दोन रकान्यांत काटकोन त्रिकोणाची एक बाजू आणि त्याचा कर्ण दिलेला आहे. अकराव्या ओळीत ४५ आणि ७५ आहेत. ७५चा वर्ग ५६२५, ४५चा २०२५, वजाबाकी ३६००, आणि ते बरोबर ६०चा वर्ग. असा प्रकार ओळीमागून ओळ चालतो. पण नवव्या ओळीत गाडी अडते. तिथे ४८१ हवे होते आणि आहे ५४१. त्या लोकांची मोजणी साठाच्या पटीत असे. ‘आठ साठ आणि एक’ लिहिण्याऐवजी लेखनिकाच्या हातून ‘नऊ साठ आणि एक’ उमटले, बोरूचा एक दाब जास्त पडला. तेराव्या ओळीत तर मजाच आहे. तिथे १६१ हवेत, आणि लेखनिकाने २५,९२१ लिहून ठेवले आहेत, म्हणजे १६१चा वर्ग! बिचाऱ्याने गणित बरोबर केले आणि उतरवून घेताना भलताच आकडा उचलला.

माती ओली होती तोवर या चुका बोटाने पुसता आल्या असत्या. ती वाळली आणि चुकांसकट कोष्टक कायम झाले. वाचकाला वाटेल, हा तर तोटाच की! मला तसे वाटत नाही. त्यानंतर कुणी शहाण्याने त्या पाटीवर हात फिरवला नाही, म्हणूनच आपण आज त्या लेखनिकाची चूक नेमकी कुठे झाली हे सांगू शकतो. कुणी मधूनमधून आकडे ‘सुधारत’ राहिले असते, तर मूळचे काय आणि नंतरचे काय हे कळण्याचा मार्गच उरला नसता. न बदलणारे कोष्टक बरोबर असतेच असे नाही. परंतु काल ज्याची तपासणी झाली तेच आज आपण वाचत आहोत, एवढी खात्री ते देते. मी आयुष्याची बरीच वर्षे संगणकांना कामाला लावण्यात घालवली, आणि त्या धंद्यात या खात्रीची किंमत काय असते ते चांगले पाहिले आहे. पण त्या गोष्टीकडे छापखान्यातून जावे लागते.

ज्यांनी कॉलेजात शास्त्र शाखा घेतली असेल त्यांना लॉग टेबलाचे ते चोपडे आठवत असेल. त्याचे मूळ स्कॉटलंडमध्ये. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगरिथमची कल्पना मांडली. हेन्री ब्रिग्जने १६२४ साली १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांची कोष्टके चौदा दशांश स्थळांपर्यंत छापली. मधला भला मोठा खड्डा आड्रियान व्लाक या डच गृहस्थाने १६२८ साली, दहा स्थळांवर समाधान मानून, भरून काढला. व्लाकच्या पुस्तकात पुढे ६०३ चुका सापडल्या. एवढ्या अवाढव्य कामात हा आकडा फारसा वाईट नव्हे. दुर्दैव असे, की पुढच्या कितीतरी पुस्तकांनी व्लाकवरूनच नक्कल केली आणि चुकाही वारसाहक्काने घेतल्या. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात एक चिनी लॉग-पुस्तक होते. व्लाकच्या माहीत असलेल्या सहा चुका त्यात ताडून पाहिल्या, तर सहाच्या सहा हजर! पुस्तक कुठून उतरले ते सांगायला वेगळा साक्षीदार नको होता.

जुन्या चुका अशा पुढे सरकत, आणि छापखाना त्यांत नव्यांची भर घाली. त्या काळी पान म्हणजे सुट्या खिळ्यांची जुळणी. जुळाऱ्याने पान जुळवले, मुद्रिते तपासली, छपाई सुरू झाली, आणि मध्येच शाईच्या गोळ्याला चिकटून एखादा खिळा वर उचलला गेला, की कामगार तो हाताला येईल तिथे खुपसून देई. गोष्टीच्या पुस्तकात असे झाले तर वाचक मनात दुरुस्ती करून घेतो. ३७४१च्या जागी ३७१४ पडले तर कोण कशाच्या आधारावर दुरुस्त करणार? आणि हीच कोष्टके घेऊन खलाशी समुद्रात आपल्या जहाजाची जागा काढीत असत. खडकांना मुद्रणदोषाशी काय कर्तव्य!

यावर पॅरिसच्या फिर्मां दिदो या मुद्रकाने तोड काढली. काले या गणितज्ञाची लॉग-कोष्टके त्याने १७९५ साली छापली ती पानातले खिळे खालून एकमेकांना डाख देऊन. एकदा पान तपासून डाख दिला की त्यातला आकडा जागचा हलणे नाही. या रीतीला त्याने ‘स्टीरिओटाइप’ हे नाव दिले, म्हणजे घट्ट केलेली अक्षरे. त्या शब्दाला आज कळाहीन, ठरीव असा हिणकस अर्थ चिकटला आहे, हा त्या शब्दावरचा अन्यायच म्हणायचा. कारण घट्ट केलेल्या पानात चूक सापडली तर तेवढीच मुद्दाम दुरुस्त करता येई आणि बाकीचे हजारो आकडे जसेच्या तसे राहत. चुका प्रथमच आवृत्तीगणिक घटू लागल्या.

चार्ल्स बॅबेजचे समाधान मात्र एवढ्याने होण्यासारखे नव्हते. १८२१ साली तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल हाताने केलेली खगोलगणिते पडताळायला बसले. चुकांमागून चुका निघू लागल्या, तेव्हा वैतागून बॅबेज म्हणाला की ही आकडेमोड वाफेने करता आली असती तर किती बरे झाले असते! त्यातून जे यंत्र त्याने योजले त्याचे गणित करणारे अंग सर्वांना ठाऊक असते. मला त्याचे दुसरे अंग अधिक आवडते. गणित झाल्याबरोबर यंत्रानेच उत्तराचा ठसा मऊ द्रव्यात उठवायचा, आणि त्या साच्यावरून छपाईचा पत्रा ओतायचा. उत्तर आणि छापील पान यांच्यामध्ये माणसाच्या बोटाला शिरायला फटच ठेवायची नाही. सरकारने १८४२ साली हात आखडता घेतला आणि यंत्र अपुरे राहिले. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्यूझियमने १९९१ साली गणिताचे यंत्र आणि २००२ साली छपाईचा भाग बांधून पुरा केला, आणि दोन्ही चालतात!

आता गंमत पाहा. विसाव्या शतकात विजेवर चालणारे संगणक आले आणि एवढ्या खटाटोपाने घट्ट केलेले कोष्टक पुन्हा ओल्या मातीत गेले. संगणकाची स्मृती ही शाळकरी पोराच्या पाटीसारखी. ज्या घरात लिहिले त्याच घरात पुन्हा लिहिता येते, आणि आधीचा आकडा मागमूस न ठेवता नाहीसा होतो. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान भाषेत पुढल्याच वर्षी उपकार्यक्रमांची सोय झाली, आणि तिच्याबरोबर एक चमत्कार आला. उपकार्यक्रमाला ‘४’ हा आकडा वापरायला दिला आणि त्याने त्या जागी ५ लिहिले, तर काही यंत्रांवर पुढच्या साऱ्या कामात ४ म्हटले की ५ निघत. चारासारखा चारही जिथे भरवशाचा नाही तिथे कोष्टकाची काय कथा?

एका कचेरीत पाहिलेला प्रकार सांगतो. मालवाहतुकीच्या दरांचे कोष्टक संगणकाच्या स्मृतीत होते. उभे गाव, आडवा मालाचा प्रकार, घरात दर. बिले करणारा कार्यक्रम ते वाची, अंदाजपत्रके करणारा कार्यक्रमही तेच वाची. अंदाजपत्रकवाल्यांनी ‘समजा, दर दहा टक्क्यांनी वाढले तर’ असा हिशेब मांडण्यासाठी कोष्टकातच आकडे वाढवले, आणि काम झाल्यावर पूर्ववत केले. तेवढ्या काही क्षणांत जी बिले निघाली ती वाढीव दराने निघाली. रोज नाही; दोन कामे नेमकी एका वेळी आली तरच. कोष्टक उघडून पाहावे तर दर चोख. तीन आठवडे कारकुनांवर संशय होता. एका वयस्क कारकुनाला तर सर्वांसमक्ष बोलणी खावी लागली, आणि खरा प्रकार उघड झाल्यावर त्याची माफी मागण्याचे कुणाला सुचले नाही. हे मला आजही खटकते.

संगणकांत एका वेळी अनेक कामांचे धागे चालू लागले तसा हा रोग बळावला. एक उपाय कुलपाचा: मी वाचतो आहे तोवर कुणी हात लावायचा नाही. पण मग हजार वाचक एका किल्लीसाठी रांगेत उभे. दुसरा उपाय लार्साच्या लेखनिकाचा. माती वाळू द्या. जे बदलणारच नाही ते कितीही जणांनी एकदम वाचावे, कुलूप हवेच कशाला? जावा या भाषेत अक्षरांची माळ पहिल्यापासून अशी न बदलणारी होती. २००४ साली तिच्या नियमांत सुधारणा झाली आणि बांधणीच्या वेळी एकदाच भरायची घरे दुसऱ्या धाग्याला अर्धवट भरलेली दिसणार नाहीत अशी हमी मिळाली. त्या पायावर पुढे गूगलच्या मंडळींनी सर्वांसाठी खुला केलेला एक साधनसंग्रह उभा राहिला. त्याचे नाव ग्वावा, म्हणजे चक्क पेरू. २०१० साली त्यात ‘टेबल’ आले आणि २०११च्या अखेरीस ‘इम्म्युटेबल टेबल’, म्हणजे आपले न बदलणारे द्विमितीय कोष्टक.

त्याची घडण रेल्वेच्या वेळापत्रकावरून चटकन कळेल. डावीकडे स्थानकांची नावे, वर गाड्यांची, दोन्ही जिथे मिळतात त्या घरात वेळ. असे कोष्टक भरायला एक ‘बिल्डर’ असतो (मुंबईकराने दचकू नये, हा दिलेला शब्द पाळतो). बिल्डरच्या हाती माती ओली असते. त्याला स्थानक, गाडी, वेळ असे एकेक सांगत जायचे. एकाच घरासाठी दोनदा वेळ सांगितली तर तो कोष्टक बांधायचेच नाकारतो. शेवटी ‘बिल्ड’ म्हटले की माती वाळली. त्यानंतर कुणी लिहू पाहील तर काम तिथेच थांबते आणि ‘ही क्रिया चालत नाही’ असा निरोप येतो. चोरी रात्री होऊन तीन आठवड्यांनी कळण्यापेक्षा चोराचा हात दारातच सापडलेला बरा.

आणि बदल होणार नाही हे ठाऊक असल्याने मांडणीही सोयीने निवडता येते. लोणावळा-पुणे लोकलचे वेळापत्रक घ्या, जवळजवळ प्रत्येक घरात वेळ आहे. लांबच्या मेलगाड्यांचे घ्या, तर बहुतेक घरे रिकामी. ग्वावाचे कोष्टक बांधताना निम्म्याहून अधिक घरे भरलेली असली तर सबंध चौकट आखून दाट मांडणी करते, नाहीतर विरळ मांडणी. पुढे कुणी येऊन रिकामी घरे भरील ही धास्ती नसल्यामुळेच हा निर्णय एकदाच घेऊन चालते.

दोन ठिकाणी मात्र नवखे फसतात. त्याच संग्रहात मूळ कोष्टकावर नुसती काच बसवणारी एक सोय आहे. काचेतून पाहणाऱ्याला बदल करता येत नाही हे खरे, पण ज्याच्याकडे मूळ वही आहे तो मागून खुशाल खाडाखोड करतो आणि काचेपुढच्याला आकडे बदललेले दिसतात. न बदलणारे कोष्टक हवे तर नक्कल करून घेतली पाहिजे. दुसरे असे, की घरात आकडा असला तर ठीक. पण घरात एखादी यादी ठेवली, तर यादी घराबाहेर जाणार नाही एवढेच, तिच्यातली नावे कुणीही बदलील. बरणीला लाख लावून आत उघडी वाटी ठेवण्यापैकीच ते.

राहता राहिला खर्च. दर खरोखरच वाढले तर काय करायचे? जुन्या कोष्टकाला हात न लावता नवे कोष्टक बांधायचे. घरे लाखभर असली आणि बदल एका घरात असला तरी ग्वावामध्ये सबंध कोष्टक पुन्हा बांधावे लागते, आणि काही वेळ दोन्ही स्मृतीत जागा अडवतात. मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या बाजारभावाला ही रीत परवडायची नाही, तिथे कुणी हट्ट धरू नये. २००७ साली आलेल्या क्लोजर भाषेने न बदललेला भाग जुन्या-नव्यांत सामाईक ठेवून हा खर्च पुष्कळ खाली आणला. आपल्या पेढीवरच्या मुनिमालाही हे काही परके वाटू नये. लक्ष्मीपूजनाला ज्या वहीची पूजा करायची तिच्यात तो चुकलेली रक्कम खोडत नाही. उलट नोंद घालून तिच्याखाली खरी रक्कम लिहितो. भारतातल्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३पासून संगणकावरच्या हिशेबातही प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

त्या कचेरीत शेवटी असेच केले. दरांचे कोष्टक वाळवून टाकले. अंदाजपत्रकवाल्यांनी आपली नक्कल बांधावी आणि तिच्यात हवे ते दर कल्पावेत असे ठरले. खरी दरवाढ आली की नवे कोष्टक बांधून, तपासून, मग ‘चालू दर’ ही पाटी जुन्यावरून काढून नव्यावर लावायची. ज्याचे बिल अर्ध्यावर होते तो हातातले जुने कोष्टक घेऊन आपले बिल पुरे करी. पुढचा नव्या दराने सुरुवात करी. जुनी कोष्टके तारखा घालून ठेवून दिली. वर्षभराने एका व्यापाऱ्याने जुन्या बिलाबद्दल तक्रार आणली, तेव्हा त्याच वयस्क कारकुनाने त्या तारखेचे कोष्टक काढून त्याच्यापुढे ठेवले.