किडींचे मास्तर : मॅक्सवेल-लेफ्रॉय

कपाशीला बोंडअळी लागली की आपण आधी दुकानाकडं धावतो. पण तिचा पतंग अंडी कुठं घालतो, कोष कुठं करतो, ते आधी पाहा, असं सांगणारा एक इंग्रज आपल्या देशात येऊन गेला. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय त्याचं नाव.

जन्म १८७७ चा. केंब्रिजला शिक्षण झालं, थोडे दिवस शाळेत शिकवलं, मग वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या खोडकिडीचा अभ्यास. १९०३ साली ते हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून आले. आधी सुरतेस राहिले, मग बिहारातल्या पुसा गावी. (१९३४ च्या भूकंपानंतर तिथली संस्था दिल्लीला गेली, गावाचं नाव मात्र तिनं बरोबर नेलं.) पुसाला अळ्या पिंजऱ्यात पाळून त्यांचा पतंग होईपर्यंत पाहणी चाले. कटकटीचं काम, पण कीड कोणत्या टप्प्यावर हाती सापडते ते असंच कळतं. पिकांच्या किडींवर १९०६ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. १९०९ साली दुसरा जाडजूड ग्रंथ आला. त्यातली रंगीत चित्रं देशी चित्रकारांच्या हातची आहेत, आणि ती पाहण्याजोगी आहेत.

१९१२ पासून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक होते. तिथल्या वेस्टमिन्स्टर हॉलचं शेकडो वर्षांचं ओकचं छप्पर भुंग्यांनी आतून पोखरलं होतं. त्यावर औषध शोधायचं काम त्यांच्याकडं आलं. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियात साठलेल्या गव्हातल्या सोंड्यांच्या मागे लागले. लाकडाच्या औषधातून पुढं 'रेंटोकिल' कंपनी उभी राहिली.

ऑक्टोबर १९२५ मध्ये माशा मारण्याच्या विषारी वायूचा प्रयोग करताना ते प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडले. चार दिवसांनी, १४ तारखेला वारले. वय अवघं ४८. जन्मभर विषं हाताळलेला माणूस हा!

आपल्याकडं धान्यात वायूच्या गोळ्या टाकून शेजारच्याच खोलीत निजणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सरकारी किंवा प्रशिक्षित माणसानंच वापरायच्या, असा नियम आहे. राहत्या घरात त्या आणूच नका. धान्य दाताखाली कट्‌कन फुटेल इतकं उन्हात वाळवा, कणगी झाडून सारवून घ्या, आणि जुन्या दाण्यात नवा दाणा मिसळू नका.